न ओळखलेला पाहुणा

आमच्या शाळेतील लॅपटॉपची अंगची वायफाय यंत्रणा गेल्या पावसाळ्यात निकामी झाली आणि तिची जागा नखाएवढ्या एका यूएसबी अ‍ॅडॅप्टरने घ्यावी असे ठरले. तो आदिलाबादच्या बाजारातून आला, त्याच दिवशी रात्री शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत संपत होती. अर्ज अकरा. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. खाचेत खोचावा की काम झाले, एवढेच आमचे शास्त्र!

खोचला. लॅपटॉपने आवाज तेवढा केला. जाळ्यांच्या यादीत काही उमटेना. खाच बदलली, यंत्र बंद करून पुन्हा चालू केले. मोबाईल तारेने जोडून पाहिला, तर ती तार निव्वळ चार्जिंगची निघाली. यूएसबीच्या साध्या खाचेत चार पट्ट्या असतात. कडेच्या दोन विजेच्या, मधल्या दोन संदेशांच्या. काही स्वस्त तारांत संदेशाच्या तारा घातलेल्याच नसतात. अशा तारेने मोबाईलचे पोट भरते, पण तो बोलत नाही.

नववीतील एका मुलाने सकाळी तो अ‍ॅडॅप्टर हाताळला होता. त्यानेच तो बिघडवला असणार, असा निष्कर्ष काढून आम्ही त्यास चारचौघांत नको ते बोललो. तो खाली मान घालून उभा राहिला.

यूएसबीची पहिली प्रमाणसंहिता १९९६ साली प्रसिद्ध झाली. ती घडविणाऱ्यांत बडोद्यास शिकलेले अजय भट्ट हे अग्रणी होते. तीनुसार आत येणारे प्रत्येक उपकरण प्रथम १८ बाइटांची ओळखचिठ्ठी पुढे करते. तीत कर्त्याचा एक क्रमांक व वस्तूचा एक क्रमांक असतो. त्यांवरून संगणक योग्य दुभाष्या शोधतो; त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. दुभाष्यावाचून काय होते हे आम्हांस ठाऊक आहे. या जिल्ह्यात नवे असताना आम्ही आठवडी बाजारात गेलो, तो एकीकडे तेलुगू, दुसरीकडे गोंडी, मध्येच दखनी! आमच्या घरच्या कोंकणीला तेथे कोण विचारतो? शेवटी एका विद्यार्थिनीने मध्यस्थी केली, तेव्हा कोथिंबीर मिळाली.

सहाच्या सुमारास तोच मुलगा हळूच म्हणाला, "सर, या लॅपटॉपला सीडीची खाच नाही. मग पडद्यावर सीडी कशी दिसते?"

आम्ही पाहिले. खरेच सीडीचे चित्र होते! काही अ‍ॅडॅप्टर आपला ड्रायव्हर पोटातच घेऊन येतात आणि प्रथम स्वतःस सीडी म्हणवितात. आतील सेटअप चालविल्यावाचून ते खरे रूप दाखवीत नाहीत. लॅपटॉपचा दोष नव्हता. त्यास जी ओळख सांगितली गेली, तीच त्याने मानली. मुलाने सेटअप चालविला. सीडी नाहीशी झाली, पुन्हा तो आवाज आला आणि जाळ्यांची यादी भरभर उमटली.

अकरावा अर्ज साडेआठला गेला. तो त्याच मुलाचा होता. दुसऱ्या दिवशी, ज्यांच्यासमोर बोललो होतो त्यांच्याचसमोर, आम्ही त्याची क्षमा मागितली. तो लाजून म्हणाला, "सर, सकाळी तो माझ्या हातून पडला होता, हे मात्र खरे."