मे महिन्यातलं वेंगुर्लं

बोरसीच्या आमच्या घरात मे महिन्याची दुपार म्हणजे कूलरची घरघर, खिडक्यांवर ओढलेले जाड पडदे आणि बादलीत भिजत घातलेले आंबे. बाहेर पारा पंचेचाळीसच्या घरात. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी वेंगुर्ल्याहून मामाचा फोन आला. एरवी तो संध्याकाळी करतो.

"घर मोडून नवीन बांधूचा म्हणतंय गो. कागदावर तुझ्या आवशीची सही व्हयी."

आई झोपली होती. तिला न विचारताच मी तोंड उघडलं. "मामा, असं कसं मोडता? आमच्या सगळ्यांच्या आठवणी आहेत त्या घरात!"

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग शांतपणे उत्तर आलं, "बाय, तू मे म्हयन्यातली पावणी. ह्यां घर एकदा जूनात येवन बघ, मगे माका सांग."

खरं सांगते, मला राग आला. पावणी? मी?

माझं सगळं बालपण भिलाईच्या टाऊनशिपमध्ये गेलं. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशभरातून माणसं इथं आली. त्यांत मराठीही पुष्कळ. बाबा त्यांच्या मागाहून आले. ते रेल मिलमध्ये होते. आमच्या आयुष्याला वेळ लावून दिली ती त्यांच्या शिफ्टनं. शाळेत हिंदी, गल्लीत छत्तीसगढी, घरात मराठी. समुद्र मात्र फक्त मे महिन्यात.

दुर्ग ते मुंबई सुमारे अकराशे किलोमीटर. दादरला उतरून नातेवाइकांकडे मुक्काम आणि मग रात्रभर एसटी. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि प्रवास सुखाचा झाला. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आला की आम्ही भावंडं ओरडून घसे बसवायचो. बाबा मात्र खिडकीतून खाली बघत म्हणायचे, "बघा, हे माझे रूळ!" पुढे कुडाळला उतरायचं आणि पुन्हा एसटी.

आईच्या लहानपणी रस्ता पाण्यातून होता. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून बोट निघायची. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नावं ती अजून घरच्या माणसांसारखी घेते. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत बोट वेंगुर्ल्याला यायची आणि खोल पाण्यात उभी राहायची. मग पडावात उतरायचं. हेलकाव्यात ट्रंक आधी की पोर आधी, अशी धांदल! पावसाळ्यात बोट बंद. पुढे ती कायमचीच बंद झाली.

आम्ही पोहोचलो की आजी खळ्यात उभी असायची. "इलंस गो बाय?" एवढंच म्हणायची. मग महिनाभर नुसती चैन. फणस, करवंदं, रातांबे, तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी. संध्याकाळी बंदरावर जायचं आणि टेकडीवरचा दिवा लागायची वाट बघायची. कधी किनाऱ्यावर रापण लागलेली असे. अख्खी वाडी दोर ओढायची. आम्ही उगाच मध्ये घुसून दोराला हात लावायचो आणि ओढणाऱ्यांबरोबर आमच्याही ओंजळीत चार मासे पडायचे. आई अभिमानानं सांगायची, कवी मंगेश पाडगावकर जन्मले ते आमच्या वेंगुर्ल्यात, आणि वि. स. खांडेकर मास्तर होते ते आमच्या शिरोड्याच्या शाळेत.

एकच गोष्ट आम्हाला नको असायची. वाटेत ठिकठिकाणी मासे वाळत घातलेले असत. त्या वासानं आम्ही नाकाला रुमाल लावून धावायचो.

अशी गावं जगात सगळीकडे असतात. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या कापडगिरण्या उन्हाळ्यात आठवडाभर बंद राहत. एकेका गावाची आठवड्याची पाळी ठरलेली. मग सारं गाव आगगाडीत बसून ब्लॅकपूलला, समुद्राकाठी. तिथं १८९४ मध्ये बांधलेला लोखंडी मनोरा आहे. गाडीतून तो आधी कुणाला दिसतो, याची पोरांमध्ये पैज लागे. पुढे विमानप्रवास स्वस्त झाला, माणसं स्पेनच्या उन्हात जाऊ लागली आणि त्या किनाऱ्यांची रया गेली. त्या दिवसांच्या आठवणी तिथले लोक अजून हळवे होऊन सांगतात. आपल्या गिरणगावातल्या चाकरमान्यांचं कोकणही तसंच. पण मामाच्या फोननंतर माझ्या मनात आलं, या आठवणी सांगतं कोण? बहुतेक आठवडाभर राहून परत गेलेले. ज्या बायकांनी घरातल्या खोल्या पाहुण्यांना दिल्या, चादरी धुतल्या आणि हिवाळ्यात रिकाम्या घरात दिवस काढले, त्यांचं ब्लॅकपूल वेगळंच असणार!

आईला फोनबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "जाऊया की जूनमध्ये. लग्नानंतर मीही तिथला पाऊस पाहिला नाही."

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक सुरू झालं होतं. गाडी जपून, हळू चालत होती. कुडाळपासून जो पाऊस लागला तो घरापर्यंत. दुर्गला पाऊस येतो आणि जातो. इथं तो मुक्कामालाच आला होता.

घर ओळखू येईना. पडवीला माडाच्या झापांचे आडोसे बांधलेले, त्यामुळे आत दिवसाही अंधार. माजघरात तीन ठिकाणी टोप ठेवलेले आणि त्यांत टपटप चालू. चिऱ्याच्या भिंतींना हात लावला तर ओला होत होता. कपडे चुलीवरच्या दोरीवर वाळत होते, म्हणजे नुसते धुरकट होत होते. वीज आदल्या दिवशी गेली ती आलीच नव्हती.

मामानं मला शिडी लावून वर बघायला सांगितलं. वासे वाळवीनं पोकळ केले होते. "पावसाआधी नळे परतूक माणूस गावणा नाय," तो म्हणाला. मग त्या वर्षी सत्तरीचा मामा स्वतः छपरावर चढला होता. फोनवर त्यातलं काही बोलला नव्हता.

रात्री मला जाग आली. मामी हातात कंदील घेऊन, डोक्यावर इरलं घ्यावं तसं प्लॅस्टिक घेऊन खळ्यातून विहिरीकडच्या न्हाणीघराकडे निघाली होती. गुडघे धरून, एक एक पाऊल टाकत. ते मागच्या अंगणातलं न्हाणीघर! त्याच्यावर तर मी कॉलेजच्या अंकात लेख लिहिला होता. तांब्याचा हंडा, माडाच्या चुडतांचा जाळ, वर उघडं आकाश. मामीच्या पायांखालचं शेवाळ त्या लेखात कुठंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या. मामीनं सुक्या बांगड्याची आमटी वाढली. गरम भात, आमटी आणि बाहेर धो धो पाऊस. इतकं चविष्ट मी क्वचितच खाल्लं असेन. आणि घास तोंडात असतानाच लक्षात आलं, ज्या वासाला आम्ही मे महिन्यात नाकं मुरडायचो, ती जूनची बेगमी होती. आम्ही सुट्टी घालवत होतो, तेव्हा हे लोक पावसाची तयारी करत होते. त्यातच आमच्या सरबराईची वेळही काढत होते.

मामानं कागद आणले. मला वाटलं, आईचे डोळे भरून येतील. तिनं चष्मा लावला, सगळं वाचलं आणि सही केली. मग म्हणाली, "दादा, एक सांगू? न्हाणीघर घरात घे. आणि वहिनीला बसायला उंच कमोड बसव. तिचे गुडघे बघ जरा."

मामी चटकन आत निघून गेली. मामा बराच वेळ कागदांची घडी घालत राहिला.

परतीच्या गाडीत मी आईला विचारलं, "तुला काहीच वाटलं नाही?" ती म्हणाली, "वाटलं ना. पण घर दादानं राखलं. आपण फक्त जपून ठेवलं म्हणायचो."

वेंगुर्ला तालुक्यातच आता विमानतळ आहे, चिपीला, २०२१ पासून. पाहुणे वाढतायत, किनाऱ्यावर राहायच्या सोयी झाल्यात. मामाचं नवं घर स्लॅबचं आहे. फोटोत ते कुठल्याही घरासारखं दिसतं, हे कबूल करते. जुन्या घराची आठवण येते तेव्हा पोटात कालवतंही. पण पाऊस लागला की आता पहिलं मनात येतं ते मामी कोरड्या पायांनी न्हाणीघरात गेली असेल.

या मे महिन्यात भावाची मुलं बेंगळुरूहून बोरसीला आली होती. बाबांनी निवृत्तीनंतर बांधलेलं हे घर त्यांना फार आवडतं. कूलरसमोर लोळणं, बादलीतले आंबे, रात्री गच्चीवर झोपणं. अंगणातल्या कडुनिंबाच्या मुळांनी कुंपणाची भिंत फुटली आहे, झाड काढावं लागेल असं मी सहज म्हणाले. धाकटी रडवेली झाली. "आत्या, नको ना! आमचं झाड आहे ते!"

ओठांवर आलेलं उत्तर मी गिळलं. तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "बरं बाई. पण एकदा पावसाळ्यात ये. भिंत कशी झाली आहे ते दोघी मिळून बघू."