खाडीच्या तोंडावरचे पहारेकरी

सह्याद्रीच्या माथ्यावरील किल्ले उंचीच्या बळावर उभे आहेत. कोकणच्या किनाऱ्यावरील किल्ले पाण्याच्या सोबतीने उभे आहेत. रत्नागिरीहून जो कोणी किनाऱ्याने निघेल, त्याला थोड्याथोड्या अंतरावर एकेक खाडी आडवी येते आणि मोठ्या खाडीच्या तोंडाशी बहुधा एखादा किल्ला भेटतो. हा योगायोग नव्हे. पूर्वी घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून खाली उतरे, खाडीकाठच्या बंदरात गलबतांवर चढे आणि भरतीओहोटीच्या वेळा साधून समुद्रात जाई. खाडीचे तोंड ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती त्या मुलखाचा व्यापार. म्हणून तेथे पहारा बसला, आणि पहाऱ्यासाठी तट उभे राहिले.

रत्नागिरी शहराचा स्वतःचा पहारेकरी म्हणजे रत्नदुर्ग. घोड्याच्या नालासारखा त्याचा आकार असून तीन बाजूंना समुद्र आहे. बालेकिल्ल्यात भगवती देवीचे मंदिर आहे. त्यामुळे गावकरी या किल्ल्याला भगवतीचा किल्ला म्हणतात. बुरुजावर उभे राहिले, की एका बाजूस मिऱ्याचा डोंगर व मिरकरवाड्याचे मासेमारी बंदर, तर दुसऱ्या बाजूस भाट्याची खाडी दिसते. येथे किल्ला का बांधला, हे मग कोणी सांगावे लागत नाही.

उत्तरेस शास्त्री नदीच्या मुखाशी जयगड आहे. समुद्राच्या बाजूने पाणीच त्याचे रक्षण करते. जमिनीच्या बाजूने मात्र खोल खंदक खोदला आहे. दक्षिणेस मुचकुंदी नदीच्या मुखावर पूर्णगड आहे. तो इतका लहान, की थोड्याच वेळात संपूर्ण फिरून होतो. परंतु त्याच्या पश्चिमेच्या दरवाजातून बाहेर पाऊल टाकताच समोर अथांग सागर उभा राहतो. त्याही पुढे नाटे गावाजवळचा यशवंतगड जैतापूरच्या खाडीवर नजर ठेवून आहे. ही खाडी एके काळी राजापूरच्या गजबजलेल्या पेठेकडे जाणारी वाट होती.

या किल्ल्यांच्या बांधणीत जागोजागी तांबडा जांभा दगड दिसतो. खाणीतून नुकताच काढलेला चिरा मऊ असतो, हत्याराने सहज तासता येतो; मग वाऱ्या-उन्हात राहून तो हळूहळू टणक होतो. कोकणातील घरे, विहिरी आणि कुंपणाचे गडगेही याच दगडाचे. राजाचा तट आणि शेतकऱ्याची भिंत या भूमीत एकाच खाणीतून जन्माला आली आहे.

तथापि केवळ दगडावर विसंबून समुद्र राखता येत नाही. हे शिकावयाचे असेल, तर वाघोटण खाडीच्या मुखावरील विजयदुर्ग पाहावा. १९८१ साली जिल्ह्याचे विभाजन होईपर्यंत हा किल्लाही रत्नागिरी जिल्ह्यातच होता; आज तो सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. त्याला तिहेरी तटबंदी आहे, आणि खाडीत आत गिर्ये गावाजवळ आरमाराची गोदी होती. पेशवे आणि तुळाजी आंग्रे यांच्यात वैर आले, तेव्हा पेशव्यांनी इंग्रजांचे साहाय्य घेतले. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांच्या तोफांनी बंदरात आग लावली आणि आंग्र्यांचे आरमार जळून गेले. पुढे किल्ला पेशव्यांकडे आला. १७८३ साली आनंदराव धुळपांनी इंग्रजांचे ‘रेंजर’ नावाचे जहाज पाडावही केले. परंतु कान्होजी आंग्र्यांच्या काळचा समुद्रावरील दरारा काही परत आला नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांप्रमाणे आरमारासाठीही स्वतंत्र प्रकरण आहे, त्यामागील दूरदृष्टी येथे ध्यानात येते. तट राहिले, गलबते गेली. मग पहारेकरी जागा असूनही त्याचे हात रिकामे झाले. १८१८ साली हे किल्ले इंग्रजांच्या हाती पडले.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत विजयदुर्ग आहे, आणि रत्नागिरी जिल्ह्यातील हर्णैजवळचा सुवर्णदुर्गही आहे. लहान पूर्णगडाचे नाव त्या यादीत नाही. पण पावसाळा दोघांवरही सारखाच कोसळतो. पक्ष्याने टाकलेले पिंपळाचे बी सांध्यात रुजते, मूळ जाड होत जाते, आणि तोफांपुढे न हललेला चिरा एके दिवशी गडगडत खाली येतो. रोप बोटाएवढे असतानाच जाणत्या हातांनी ते दूर केले, तर भिंत वाचते. वेळ गेल्यावर मात्र झाड काढायला जावे, तर भिंतच ढासळते.

रत्नदुर्गाच्या एका टेकडीवर आज दीपगृह आहे. येणारे गलबत शत्रूचे की मित्राचे, याची चौकशी आता तेथे कोणी करीत नाही. अंधार पडला की दिवा लागतो, आणि रात्रीच्या समुद्रातून मिरकरवाड्याकडे परतणाऱ्या नावांना आपले बंदर कोठे आहे, ते कळते.