बाबांची गाठ

मागच्या शनिवारी माझ्या ऑफिसच्या सॅकमध्ये पाव किलो कोंबडीची आतडी होती. (लॅपटॉप घरी होता, काळजी नको!) वीकएंडला सगळं पब्लिक लोणावळ्याला पळतं, मी आणि बाबा भिगवणला. पुण्याहून सोलापूर रोडने साधारण शंभर किलोमीटर. उजनीचं बॅकवॉटर म्हटलं की लोकांना फ्लेमिंगो आठवतात, आम्हाला शिंगटा. मिश्यावाला मासा, म्हणजे कॅटफिश. 1980 साली धरण पूर्ण झालं आणि बाबांचं गाव याच पाण्याखाली गेलं. आमचा गळ कुणाच्या अंगणात पडतो, देव जाणे.

निघताना आईने हळूच सांगितलं, ‘‘गळ तूच बांध रे. पण त्यांना जाणवू देऊ नकोस.’’

2023 मध्ये बाबांना पार्किन्सन्सचं निदान झालं. शर्टाची बटणं आता आई लावते.

तर, शिंगट्याचा सेटअप. हा गडी तळाशी फिरतो आणि गढूळ पाण्यात खाणं मिश्यांनीच हुडकतो. म्हणून आमिष तळाला हवं. नायलॉनचा तंगूस आरपार भोकाच्या शिशातून ओवायचा, मग एक मणी, मग स्विव्हल. स्विव्हलच्या दुसऱ्या कडीला हातभर तंगूस आणि त्याच्या टोकाला गळ. ग्यानबाची मेख अशी, की शिसं कुठेही बांधायचं नाही. मासा आमिष घेऊन निघाला की तंगूस शिशातून नुसता सरकतो, त्याला वजन लागतच नाही. शिसं घट्ट बांधलंत, तर साहेब चव घेतात आणि थुंकून मोकळे! मणी कशाला? शिसं आपटून गाठ झिजू नये म्हणून. आणि गाठ आवळण्याआधी थुंकी लावायचीच. कोरडं नायलॉन घासून तापतं आणि नेमकं तिथेच तुटतं.

हे सगळं सातवीत असताना बाबांनीच शिकवलेलं. मी शहाणपणा करून चार सेट घरूनच बांधून नेले होते. ‘‘रेडीमेड आणलेत,’’ मी डबी उघडत म्हणालो. बाबांनी एक उचलला, गाठ डोळ्यांजवळ नेली.

‘‘दुकानातली गाठ इतकी वाईट नसते.’’

मग त्यांनी स्वतःचा गळ काढला. हलू नये म्हणून चपलेच्या रबरात रुतवला. तंगुसाचं एक टोक दातात, दुसरं थरथरत्या बोटांत. एवढंसं छिद्र, वीस मिनिटं. दोनदा माझा हात पुढे गेला आणि मागे आला. मी फ्लेमिंगो बघत बसलो. एकही नव्हता, सीझन संपला होता. शेवटी ओवलं. पाच वेढे, थुंकी, आणि दाताने आवळलेली गाठ.

दुपारी माझ्या ‘रेडीमेड’ने एक मासा घालवला. गाठीपाशीच.

अंधारताना बाबांच्या काठीचं घुंगरू वाजलं. मी उठलोच. ‘‘थांब. जाऊ दे त्याला,’’ बाबा म्हणाले. तंगूस सरसरत गेला, मग त्यांनी काठी उचलली. दीडेक किलोचा असेल. गाठ टिकली.

शिंगट्याच्या पाठीला आणि दोन्ही कुशींना काटे असतात, लागले तर रात्रभर ठणकतं. बाबांनी माशाकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे.

‘‘काढ तू. काट्यांच्या मागून धर.’’

धरला.

परतताना आईचा फोन आला. तिला सांगितलं, हो, गळ सगळे मीच बांधले.