तालमीचा ताळेबंद

मालवणात जन्मलेल्या माणसाला दोन गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. एक ताजी मासळी ओळखणे, आणि दुसरी, दुसऱ्याच्या भजनातली चूक काढणे.

आमच्या वाडीच्या भजनमंडळाचा मी बुवा. या शब्दाने वाचकांनी फसू नये. आमच्याकडे बुवा म्हणजे जो पेटी वाजवतो, गातो आणि सगळ्यांची बोलणी खातो तो. शिक्षण बी.कॉम., नोकरी बँकेत क्लार्कची. बँकेत कॅश जुळली नाही तर कुणी घरी जात नाही. भजनात ताल जुळला नाही की प्रत्येकाला घरचं काम आठवतं. शिवाय तिथे मेमो देता येत नाही. ज्याला द्यायचा त्याच्याच विहिरीवर उद्या पंप मागायला जायचं असतं.

त्यात चतुर्थीची तालीम येते श्रावणात. अर्धं मंडळ श्रावण पाळतं. महिनाभर वरणभातावर काढलेल्या मालवणी माणसाला ‘सूर जरा वर घ्या’ असं एकदा सांगून पाहा! उरलेले अर्धे कोरसवाले दर्यावर जाणारे. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना बंदी असते तेव्हा हे मोकळे. पण तेव्हा तालीम सुचते कुणाला? नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की तेही निघाले. तिथून चतुर्थीला उरतात एकोणीस दिवस.

पखवाजाचं तर विचारूच नका. पावसात कातडं ओल धरतं आणि सूर उतरतो. आमचा पखवाजी हातोडीने ठोकून, गठ्ठे सरकवून, डाव्या पुडीला कणीक थापून तो चढवतो. तोवर चहा येतो. चहा होईपर्यंत सूर पुन्हा खाली. मग पट्टीवरून वाद. तरुणांना काळी तीन हवी, वयस्करांना पांढरी एक. पोरांनी मोबाइलवर डबलबाऱ्या पाहिलेल्या. समोरासमोर दोन बुवा, एकाने टोला हाणायचा, दुसऱ्याने गजरातून परतवायचा. त्यांना प्रत्येक गजर सिनेमाच्या चालीवर पाहिजे. मी म्हणतो, घ्या. रूपावली आणि अभंग सांभाळा, गौळणीपर्यंत शुद्धीवर राहा, मग गजरात काय तो धुडगूस घाला. एवढ्या तडजोडीवर मंडळ चालतं. बाकीचं काळ्या वाटाण्याच्या उसळीवर.

खरा प्रश्न आबांचा. आबा झांज वाजवतात ती माझ्या वडिलांच्या बुवागिरीपासून. दोन वर्षं झाली, कान गेले. अभंगात निभावतं, पण गजराची लय वाढली की आबा सगळ्यांच्या पुढे. पखवाज बिचारा मागून धावतोय.

एक दिवस कोरसातला एक पोरगा मला पडवीच्या टोकाला घेऊन गेला.

"बुवांनू, आबांका कायतरी सांगा."

"तूच सांग."

"मी कसो सांगू? माजे आजोबा आसत ते!"

बँकेत हे सोपं असतं. साठ वर्षं भरली की हार, नारळ, दोन भाषणं, आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीवर दुसरा माणूस. मंडळाच्या वहीत वर्गणी आहे, झांजांच्या दोऱ्यांचा खर्च आहे, निवृत्तीचं वय मात्र कुठेच नाही. आणि ते लिहिणारा हात मला कुणाचा दिसेना.

मी आबांची जागा बदलली. कोरसातून उठवून पखवाजाच्या बरोबर समोर बसवलं. पखवाज्याला सांगून ठेवलं, समेवर मान जोरात हलव. कारण म्हणून मी झांजेचा आवाज तिथून कसा घुमतो यावर बरंच काही बोललो. आबांनी ते माझ्या ओठांवरून वाचलं असावं.

"कान गेले माजे," ते म्हणाले, "अक्कल नाय." आणि गुपचूप जाऊन बसले.

त्या दिवसापासून आबा हातांकडे बघून झांज वाजवतात. लय थोडी सरकते, पण पळत नाही.

गेल्या खेपेला शेवटच्या तालमीत गजर ऐन रंगात असताना लाईट गेली. पावसात ती जायचीच. काळोखात आबा सुटले. आम्ही सगळे त्यांच्या मागे फरफटत चाललो होतो, इतक्यात पखवाजावर उजेड पडला. तोच नातू मोबाइलची बॅटरी धरून उभा होता.

आबा झांज न थांबवता खेकसले, "रे, माज्या डोळ्यांर कित्याक मारतंस? तेच्या हातार मार!"