काळी-पिवळी

आमच्या दिंद्रुडकडे काळी-पिवळी म्हणजे जीप. सीटा भरल्याशिवाय निघत नाही. अण्णांनी बारा वर्षं चालवली. मीटर नव्हतं, भाडं सगळ्यांना पाठ. फक्त रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं, की सीटा भरायची वाट बघायची नाही आणि भाडं नेहमीचंच घ्यायचं, हा त्यांचा नियम.

मुंबईत नोकरीला आलो तेव्हा कळलं, इथे काळी-पिवळी म्हणजे मीटरची टॅक्सी. रिक्षा वांद्रे-सायनपर्यंतच. त्याच्या खाली शहरात टॅक्सीच. लहानपणी सिनेमात पाहिलेली प्रीमियर पद्मिनी मात्र आता दिसत नाही. शेवटची 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर 2023 मध्ये तीही गेली.

गेल्या वर्षी कंपनीने मला तीन महिने परदेशी पाठवलं. सोडायला अण्णा आले. पहाटेची फ्लाइट, माझी खोली परळला. रात्री दीडला ॲपवर गाडी बुक केली. पहिल्याने रद्द केली. दुसऱ्यानेही. तिसऱ्या वेळी भाडं जवळपास दुप्पट.

"कामून वाढलं रं?"

मी समजावलं. गाड्या कमी, माणसं जास्त, म्हणून दर वाढतो. दर वाढला की ड्रायव्हर बाहेर पडतात. हे मला नीट माहीत, कारण ऑफिसात मी असलाच कोड लिहितो.

"म्हंजे अडलेल्याकडून जास्त घ्यायचे. बरं, मग आली का गाडी?"

नव्हती आली.

अण्णा बॅग उचलून नाक्यावर गेले. तिथे एक काळी-पिवळी उभी होती, ड्रायव्हर मागच्या सीटवर झोपलेला. अण्णांनी हळूच बोनेटवर थाप मारली. तो उठला, "विमानतळ? बसा," म्हणाला आणि मीटर टाकलं. पहिल्या दीड किलोमीटरला 31 रुपये, मध्यरात्रीनंतर पाव पट जास्त. अडलेला असो की नसो, सगळ्यांना तेवढंच.

सगळे काळी-पिवळीवाले असे नसतात. जवळचं भाडं नाकारणारेही मला भेटलेत. पण त्यांच्याशी भांडता तरी येतं. माझ्या कोडशी कुणी भांडायचं?

अण्णा पुढे बसले, ड्रायव्हरशी ॲव्हरेज आणि क्लचवर बोलत राहिले. जीप विकल्यापासून त्यांना इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं. टर्मिनल 2 च्या दारात तिकीट नसल्याने त्यांना आत सोडलं नाही. ते त्याच टॅक्सीने परत गेले.

आता नवी मुंबईतही विमानतळ सुरू झालाय, म्हणजे रात्री-अपरात्री गाडी शोधणारे वाढणार. परत आल्यावर मी टीमच्या मीटिंगमध्ये विचारलं, "रात्री दर किती वाढू द्यायचा, याला काही कमाल मर्यादा ठेवायची का?"

मॅनेजर म्हणाले, "बघू."

दर आठवड्याला मी परत विचारतो.