अठ्ठेचाळीस आकडे

वनहक्क दाव्याची एक फाईल उघडून पाहावी. आधारची झेरॉक्स, रेशनकार्ड, जातीचा दाखला, वनखात्याने कधीकाळी फाडलेली दंडाची पावती, पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब, जीपीएसने मोजलेल्या प्लॉटचा नकाशा. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसत होतो हे दाखवायला एवढा पसारा लागतो. डहाणू-तलासरीकडच्या छोट्या संस्थांत तो आता स्कॅन होऊन एखाद्या लॅपटॉपमध्ये जातो, आणि तो लॅपटॉप सॅकमधून प्रांत कार्यालयात, प्रकल्प कार्यालयात, नाहीतर डहाणू रोडहून विरारकडच्या लोकलच्या रॅकवर. कागद कोणाच्या ताब्यात आहे याला किती किंमत असते, हे वेठबिगारी पाहिलेल्या या मुलखाला कोणी शिकवायला नको.

*

विंडोज सुरू होताना पासवर्ड मागते म्हणून बहुतेकजण निर्धास्त असतात. तो पासवर्ड विंडोजचा, डिस्कचा नव्हे. चार स्क्रू काढून डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली की सगळे फोल्डर समोर. अख्खी डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर तिथे अर्थहीन आकड्यांचा चिखल दिसतो, बाकी काही नाही. बिटलॉकर 2007 पासून विंडोजबरोबर आहे, लिनक्सवरचे लक्स 2004 पासून, मॅकवरचे फाइलव्हॉल्ट अख्ख्या डिस्कसाठी 2011 पासून. पैसे पडत नाहीत. थोडा वेळ जातो, तो जाऊ द्यावा.

*

आता खरी अडचण. कुलूप लागत नाही ही तक्रार जुनी झाली. हल्ली ते न विचारता लागते. नवा विंडोज 11 चा लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केला की बहुतेक मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. 2024 च्या शेवटी आलेल्या आवृत्तीपासून तर आणखीच जास्त मशीनवर. रिकव्हरी की त्याच खात्यात जाऊन बसते. पण खाते कोणाचे? आपल्याकडे लॅपटॉप घेताना दुकानातला पोरगा म्हणतो, “दादा, चालू करून देतो,” आणि स्वतःच्याच नाहीतर तिथल्या तिथे काढलेल्या जीमेलने सगळे उरकून टाकतो. दोन वर्षे काही बिघडत नाही. मग कधीतरी बायोस अपडेट होते किंवा मदरबोर्ड बदलावा लागतो, आणि निळ्या पडद्यावर त्या रिकव्हरी कीचे 48 आकडे मागितले जातात. दावे आतच असतात, पण ते आता पोराच्या विसरलेल्या जीमेलचे.

तेव्हा दुकानातून आल्यावर पहिले काम: सेटिंगमध्ये जाऊन एन्क्रिप्शन चालू आहे का आणि कोणत्या खात्यावर आहे ते पाहणे. खाते परके असेल तर एन्क्रिप्शन बंद करावे, डिस्क पूर्ण उलगडू द्यावी, संस्थेच्या खात्याने आत यावे, पुन्हा चालू करावे. की नवी तयार होते. पावसाळ्यात वीज जाते म्हणून घाबरू नये, काम अर्धवट राहिले तर बिटलॉकर पुढे तिथूनच सुरू करतो. तरी चार्जर लावून बसलेले बरे.

*

ही की कागदावर लिहावी. हाताने. सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटाला 11 ने पूर्ण भाग जातो. समजा गट 453585 आहे. पहिला, तिसरा, पाचवा आकडा मिळवला की 15. दुसरा, चौथा, सहावा मिळवला की 15. दोन्ही बेरजा सारख्या आल्या किंवा 11 नाहीतर 22 चा फरक पडला तर ठीक. शेवटचे दोन आकडे उलटे लिहिले असते तर 453558 झाले असते, आणि बेरजा 12 नि 18. चूक तिथेच सापडते. सातवीतली पोर हे तपासून देऊ शकते. ज्या अभियंत्याने ही सोय ठेवली त्याला कधीतरी कागदावर आकडे उतरवावे लागले असणार!

*

उबंटू लिनक्सवाल्यांसाठी. एन्क्रिप्शनचा पर्याय इन्स्टॉल करतानाच निवडावा. नंतर करायचे तर डेटा बाहेर काढून नव्याने मांडणे सोपे पडते. पासफ्रेज देवनागरीत ठेवू नये. मशीन उठताना तो मागितला जातो तेव्हा मराठी कीबोर्ड अजून जागा झालेला नसतो. रोमनमध्ये चार-पाच असंबद्ध शब्द घ्यावेत. ‘व’ला व्ही की डब्ल्यू, ते आधी ठरवावे. गावदेवाचे आणि पाड्याचे नाव नको, ते सगळ्यांना ठाऊक असते.

लक्समधली मला आवडणारी गोष्ट म्हणजे एकाच डिस्कला अनेक पासफ्रेज देता येतात, नव्या आवृत्तीत 32 पर्यंत. कार्यकर्तीचा वेगळा, सचिवांचा वेगळा, एक पाकिटात बंद. कोणी काम सोडले तर त्याचा तेवढा काढायचा. आपल्या संस्थांत माणसे येतात-जातात, त्यांना हीच पद्धत मानवते.

*

नोव्हेंबर 2018 पासून डहाणू तालुक्यातल्या धुंदलवाडी परिसरात जमीन हादरत आली आहे. 1 फेब्रुवारी 2019 चा धक्का 4 रिश्टरच्या वरचा होता. टेबलावरून पडलेल्या डिस्कला एन्क्रिप्शन वाचवत नाही, उलट अडचण वाढवते: लक्सचा सुरुवातीचा भाग, हेडर, खराब झाला तर बरोबर पासफ्रेज असूनही काही उघडत नाही. म्हणून हेडरची प्रत वेगळी आणि डेटाची दुसरी डिस्क वेगळी, तीही एन्क्रिप्ट केलेली. तलासरीची प्रत डहाणूत ठेवणे म्हणजे त्याच हादऱ्यात ठेवणे. पालघरला किंवा वसईला कोणाकडे तरी द्यावी.

*

चालू मशीनची डिस्क उघडीच असते. व्हायरस आला, कोणी उघडा लॅपटॉप उचलून नेला, तर एन्क्रिप्शनचा काही उपयोग नाही. झाकण मिटणे म्हणजे बंद करणे नव्हे. प्रवासाला निघताना पूर्ण शटडाऊन. आणि तीच आधार कार्डे व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलेली असतील, झेरॉक्सवाल्याच्या डाउनलोड फोल्डरमध्ये असतील, तर आपण एकच दार लावले.

*

भंगारात जाणाऱ्या डिस्कचे: फायली डिलीट केल्या म्हणजे पुसल्या असे नाही. पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्ट असलेल्या लक्सच्या डिस्कवर मात्र हेडर पुसले आणि त्याची प्रत नष्ट केली की काम झाले.

*

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 चा आहे. माहिती सांभाळायची वाजवी काळजी घेतली नाही तर त्यात 250 कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. आकडा मोठ्या कंपन्या डोळ्यांपुढे ठेवून घातलेला आहे. पण पाड्यावरच्या बाईने अंगठा देऊन आपल्याकडे कागद सोपवला, ती जबाबदारी कायद्याच्या आधीची.

*

हे वाचून झाल्यावर ऑफिसचा लॅपटॉप उघडा. एन्क्रिप्शन कोणाच्या खात्यावर आहे ते पाहा, 48 आकडे दोन कागदांवर उतरवा, अकराने तपासा. एक कागद कपाटात, दुसरा संस्थेच्या खजिनदाराकडे. लॅपटॉपच्या सॅकमध्ये मात्र ठेवू नका.