मंदाकिनीकांठचें घराट

गतवर्षीं आश्विनांत केदारनाथाचें दर्शन घेऊन आम्ही उभयतां परत येत होतों. गुप्तकाशीच्या वाटेवर दरड कोसळून मोटार अडली, आणि मंदाकिनीस मिळणाऱ्या एका ओढ्यापाशीं दोन-तीन तास थांबण्याचा प्रसंग आला. जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाला स्वस्थ बसवत नाहीं. ओढ्याच्या कांठीं एक बसकें दगडी खोपट दिसलें. तें पाहण्यास आम्ही खालीं उतरलों. मोटारवालाही बरोबर आला. गवताचा भारा घेऊन चाललेल्या एका वृद्धेनें तिकडे हात करून सांगितलें, “घराट!”

घराट म्हणजे पाण्यानें फिरणारें जातें. संस्कृतांत जात्याला ‘घरट्ट’ असा शब्द आहे. कोशांत भेटलेला शब्द असा रानांत भेटावा, ह्याचें आम्हांस मोठें कौतुक वाटलें.

आंत वांकूनच जावें लागलें. रचना फार साधी. ओढ्याचें पाणी पाटानें आणून उतरत्या लांकडी पन्हळींतून खालच्या चाकावर सोडावयाचें. चाक आडवें, त्याचा आंस उभा. तो खालच्या दगडाच्या भोंकांतून वर येऊन वरच्या दगडास फिरवितो. मध्यें दांतेरी चाकें नाहींत. चाकाचा एक फेरा, तोच दगडाचा एक फेरा. वर धान्याची टोपली टांगलेली असते व तिला जोडलेली एक काठी फिरत्या दगडावर टेकते. दगड फिरला कीं काठी थरथरते, टोपली हालते आणि दाणे जात्याच्या तोंडांत पडत राहतात. पाणी थांबलें कीं दाणेही थांबतात. वैरण घालण्यास मनुष्याचा हात लागतच नाहीं!

आतां मात्र सारेंच थांबलें होतें. पाट कोरडा, पन्हळ कुजलेली, चाकाचीं पातीं गळलेलीं. दगड तेवढा जागच्या जागीं होता. टांकीच्या खुणा बोटांस लागत होत्या. मोटारवाल्यानें वृद्धेचें बोलणें आम्हांस समजावून सांगितलें. पूर्वीं सारा गांव येथें दळीत असे, व दळणाबद्दल घराटवाल्यास पिठाचाच थोडा वांटा मिळे. जून २०१३ च्या महापुरांत पाट वाहून गेला. सडकेवर विजेची गिरणी होतीच. पाट पुन्हां कोणीं बांधला नाहीं.

आम्हीं सहज उद्गारलों, “काय सुंदर वस्तु लयास गेली! आपल्याकडेही तसेंच झालें. जातीं गेलीं, आणि पहांटेच्या ओव्याही गेल्या.”

मंडळी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, “ओव्या तुम्हीं ऐकल्यात, त्या अंथरुणांत पडून. मी घरांत आलें तेव्हां गिरणी होऊन कैक वर्षें लोटलीं होतीं, तरी सासूबाईंच्या तळहातांवरचे घट्टे गेले नव्हते. इथल्या बायकांना ह्या ओढ्यानें तेवढें तरी वांचविलें होतें.”

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आईचा ओवी म्हणतांनाचा स्वर आम्हांस अजून जसाच्या तसा आठवतो; तिचे तळहात मात्र डोळ्यांपुढें आणूं गेलों तों ते येईनात.

औरंगाबादेची, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगराची, पाणचक्की आम्हीं अनेकदां विद्यार्थ्यांस दाखविली आहे. हर्सूलकडून मातीच्या नळांनीं पाणी कसें आणलें, तें उंचावरून कसें पाडलें, हें सारें मोठ्या उत्साहानें शिकविलें. त्या पाण्यानें कोणाचे खांदे व हात वांचले असतील, हा प्रश्न एकाही मुलास विचारला नाहीं. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं ॲण्टिपेटर नांवाच्या ग्रीक कवीनें पाणचक्कीवर एक लहानसें काव्य रचिलें. त्याचा आनंद चाकाच्या चातुर्याबद्दल नाहीं. दळणाऱ्या बायांना आतां पहांटे निजतां येईल, ह्याबद्दल आहे. आमच्या डोक्यांत जें सारीं वर्षें आलें नाहीं, तें त्याला तेव्हांच दिसलें होतें.

वृद्धेला आम्हीं विचारविलें, “घराट बंद पडल्याचें वाईट वाटतें का?” ती म्हणाली, “पीठ घराटाचेंच गोड. पण हिंवाळ्यांत ओढा आटला कीं घरीं हातानें दळावें लागे.” एवढें बोलून तिनें उजवा खांदा चोळला व ती हंसली. मंडळीनें तिचा भारा उचलून तिच्या पाठीवर दिला.

वाट मोकळी झाल्याची हांक आली. निघण्यापूर्वीं आम्हीं त्या दगडावर हात ठेवून नमस्कार केला. केदारनाथीं मागावयाचें राहिलेलें एक क्षमापन तेथें पुरें झालें.